पार्सलवरचा पांढरा कागद : केंद्रीय माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना उमापूरहून खुले पत्र

मा. अश्विनी वैष्णव,
केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्री,
नवी दिल्ली.



पत्र मराठीत लिहितो आहे, कारण तुमच्याच कायद्याने तशी वाट करून दिली आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा सांगतो की, माझी माहिती घेणाऱ्याने मला जी सूचना द्यायची, ती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषांपैकी मला हवी त्या भाषेत वाचता आली पाहिजे. सूचना मराठीत येणार असेल तर तिच्यावरचे आमचे म्हणणे मराठीत जायला हरकत नसावी.

मी उमापूरचा. तालुका गेवराई, जिल्हा बीड. कापूस आणि उसाचा भाग, अहिल्यानगर जिल्ह्याची हद्द जवळच. माझे दुकान बैलांच्या साजाचे आहे. मोरक्या, वेसणी, कासरे, दावी, घुंगरमाळा, गोंडे, झुली; पोळा जवळ आला की बाशिंगे आणि शिंगांना लावायचा हिंगूळ. वडील हा माल घेऊन बाजारच्या बाजार फिरायचे. मी दुकानात बसून विकतो आणि मोबाईलवरूनही विकतो. पोळ्याच्या आधी पॅकिंगला घरची सगळी माणसे कमी पडतात. त्यात गेवराईहून येणारा कुरिअरवाला पोरगा आसपासच्या वस्त्यांची पार्सले माझ्याकडेच ठेवून जातो, कारण प्रत्येक वस्तीवर मोटारसायकल घालणे त्याला परवडत नाही. त्यामुळे ऑनलाईन विकणारा मीच, घेणाराही मीच आणि गावाची पार्सले राखणाराही मीच. तिन्ही बाजूंनी जे दिसते ते तुमच्या कानावर घालावे म्हणून हे पत्र.

आधी चांगले सांगतो, नाहीतर खेड्यातला माणूस तंत्रज्ञानावर खार खाऊन बसला आहे असे वाटायचे. तसे काही नाही. पितळी घुंगरू उत्तर प्रदेशात एटा जिल्ह्यातल्या जलेसरला होतात. आमच्या वडिलांना ते तीन व्यापाऱ्यांच्या हातून फिरून आलेले मिळायचे, आणि मूळ माल कुठला हे कोणी सांगायचे नाही. ते गाव मला मोबाईलने दाखवले. झुलीची लेस मी सुरतेहून घरबसल्या मागवतो. ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात ऑनलाईन विकणाऱ्या लहान दुकानदाराला जीएसटी नोंदणीची सक्ती राहिली नाही. हा बदल आमच्यासारख्यांच्या खरोखर कामाचा होता. (कर्नाटकातल्या बैलालाही मोरकी लागते आणि ती हद्दीपलीकडे पाठवायची तर नोंदणी हवीच, म्हणून मी ती घेतली. ती गोष्ट पुढे येईल.) आणि यूपीआय आल्यापासून सुट्ट्या पैशांवरून होणारी रोजची कटकट मिटली.

थोडी गंमतही आहे. एका मोठ्या मार्केटप्लेसवर बैलाच्या साजाला रकानाच नव्हता. माझी घुंगरमाळ ‘पेट ॲक्सेसरीज’मध्ये, कुत्र्यांच्या पट्ट्यांशेजारी लागली. पुण्याच्या एका बाईंनी ती मांजरासाठी मागवली आणि फार मोठी आहे म्हणून परत पाठवली. परत येण्याचे भाडे माझ्या हिशेबातून गेले. पण हे चालायचेच, धंदा म्हटला की माल परत येतो.

चालू नये ते असे. माझ्या घरात मोरक्यांचे भरलेले पोते पडले आहे, साठा मी ॲपवर नीट भरला आहे, आणि गिऱ्हाइकाला मात्र माझ्याच मोरकीखाली ‘फक्त २ शिल्लक’ असे लाल अक्षरात दिसते. मेव्हण्याने फोन करून विचारले, माल संपला का रे? केंद्र सरकारनेच ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्यात तेरा प्रकार मोजून दिले आहेत आणि खोटी घाई हा त्यातला पहिलाच. सूचना ग्राहक व्यवहार खात्याच्या, तुमच्या नव्हेत, हे मला ठाऊक आहे. पण आमच्या हातात मोबाईल एकच असतो. त्यातले कोणते दुखणे कोणत्या खात्याचे, ही विभागणी दिल्लीत बसूनच दिसते.

आता मूळ मुद्दा. दुकानात पार्सलांची एक फळी आहे. प्रत्येक पार्सलावर एक पांढरा कागद चिकटवलेला असतो. त्यावर घेणाऱ्याचे पूर्ण नाव, गाव, वस्ती, खुणेची जागा, दहा आकडी मोबाईल नंबर आणि पैसे हातात द्यायचे असतील तर रक्कम, ठळक अक्षरांत. पुष्कळ पार्सलांना वरून पारदर्शक पिशवी असते आणि तिच्यात बिलाची घडी. बिलावर वस्तूचे नाव. म्हणजे कोणत्या वस्तीवरच्या कोणत्या सुनेने काय मागवले, कितीचे मागवले आणि तिचा नंबर काय, हे फळीसमोर उभा राहणारा कोणीही वाचू शकतो. गर्भचाचणीचे किट, आतले कपडे, केस गळतीचे तेल, दारू सुटावी म्हणून नवऱ्याला चोरून द्यायचे चूर्ण, सगळे माझ्या डोळ्यांखालून जाते. मला ते कळायला नको आहे. मी पार्सले भिंतीकडे तोंड करून लावतो आणि नाव विचारून स्वतः काढून देतो. शेजारच्या गावात हीच पार्सले पानटपरीवर पडलेली असतात.

आणि हा कागद पार्सल फोडल्यावर मरत नाही. खोके उकिरड्यावर जाते, भंगारवाल्याकडे जाते, नंबर तसाच. मग फोन आणि मेसेज सुरू होतात. ‘तुमचे पार्सल अडकले आहे, पत्ता दुरुस्त करण्यासाठी लिंकवर पाच रुपये भरा.’ पाच रुपयांच्या लिंकमागे खाते रिकामे होते. दुसरा प्रकार याहून साधा आहे. कोणी मागवलेच नाही असे पार्सल नावानिशी दारात येते, तीन-चारशे रुपये द्या म्हणते. घरात म्हातारी एकटी असते, नातवाने मागवले असेल म्हणून कनवटीचे पैसे काढून देते, आणि आत निघतात चिंध्या. फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे, मी तो दुकानात मोठ्या अक्षरांत लिहून लावला आहे. पण त्या म्हातारीने १९३० ला सांगायचे काय? पैसे तिने राजीखुशीने दिले होते.

कागदावर नंबर छापायची गरजच काय, हे मला कोणी समजावून सांगावे. कुरिअरच्या पोराच्या हातात स्कॅन करायचे यंत्र असते, कागदावर बारकोड असतो. बारकोड वाचला की त्याच्या ॲपमधून फोन लागावा, नंबर त्यालाही दिसू नये. टॅक्सीच्या आणि जेवण पोचवणाऱ्या ॲपांनी शहरांत ही सोय कधीच केली आहे. म्हणजे तंत्र आहे, खर्चही डोंगराएवढा नाही. पार्सलवाल्यांना ते करायला कोणी लावलेले नाही, इतकेच.

यात खेड्याची एक अडचण मात्र खरी आहे आणि ती मी लपवणार नाही. आमच्याकडे घराला नंबर नाही, गल्लीला पाटी नाही. ‘जि. प. शाळेमागे, लिंबाच्या झाडाजवळ’ हा पत्ता झाला, आणि लिंबाची झाडे गावात रग्गड आहेत. त्यामुळे मोबाईल नंबर हाच आमचा घर नंबर होऊन बसला आहे. डाक खात्याने मे २०२५ मध्ये ‘डिजिपिन’ आणला, सुमारे चार मीटर लांब-रुंद अशा प्रत्येक चौकोनाला दहा अक्षरांचा संकेत. कल्पना मला आवडली. त्यात माणसाचे नाव नाही, नंबर नाही, फक्त जागा आहे. पण माणूस आणि जागा पुन्हा एकाच कागदावर छापणार असाल तर तोही आणखी एक आकडाच होईल, आणि तो तर चोराला थेट ओसरीपर्यंत आणून सोडेल.

शहरातली शिकलेली मंडळी मला म्हणतात, खेड्यात कसली आली प्रायव्हसी, तिथे कोणाच्या घरात कोणती भाजी शिजली हेही गावाला ठाऊक असते. खरे आहे. यूपीआयचा आवाज करणारा डबा दुकानात बसवल्यापासून तर माझा दिवसाचा गल्ला समोरच्या पारावर बसणाऱ्यांना तोंडपाठ झाला होता. सप्ताहाची वर्गणी मागायला आलेल्यांनी मला माझाच हिशेब सांगितला! आता मी डब्याचा आवाज कमी ठेवतो. पण खेड्यातली ही माहिती दोन्ही बाजूंची असते, हे त्या मंडळींच्या लक्षात येत नाही. मला पाटलांच्या पोराची भानगड माहीत असते तशी पाटलांना माझी. माझ्याकडे उधारीची वही आहे. निम्म्या गावाची तंगी तिच्यात लिहिलेली आहे: कोणाचा ऊस गेला नाही, कोणी मुलीच्या लग्नात हात मोकळा सोडला, कोण मुकादमाची उचल घेऊन बसला आहे. ती वही मी कोणाला दाखवत नाही. दाखवली तर उद्या दुकानाची पायरी कोणी चढणार नाही, आणि रात्री दार वाजवून जाब विचारायला लोक माझे घर ओळखतात. ॲपकडेही अशीच वही आहे, माझ्या वहीपेक्षा कितीतरी जाड. पण तिच्या मालकाचे दार मला ठाऊक नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्या निकालात उमापूरला सूट दिल्याचे कुठे वाचनात नाही.

तुमचा कायदा या वहीवाल्याला सांगतो की, माणसाची संमती घे. इथेच माझे तुमच्याशी जमत नाही. संमती म्हणजे काय, ते दुकानात बसून पाहिलेले सांगतो. ऊसतोडीला निघालेल्या जोडप्याला उचलीचे पैसे आले की नाही पाहायचे असते, विम्याचे पैसे पाहायचे असतात, मुलाच्या वसतिगृहाचा अर्ज भरायचा असतो. मोबाईलवर पानभर मजकूर येतो, खाली ‘मान्य’ आणि ‘अमान्य’. अमान्य दाबले तर काम होत नाही. तेव्हा सगळे मान्य दाबतात, न वाचता, आणि वाचून तरी काय करणार? हीच सूचना उद्या अस्खलित मराठीत आली तरी बोट त्याच बटणावर पडेल. वेठबिगाराला काम करायचे आहे का असे विचारण्यापैकीच हे झाले.

खरे तर कायद्याच्या कलम ६ मध्ये याचे उत्तर लिहिलेले आहे. संमती ठरलेल्या कामाला आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती, असे ते कलम म्हणते, आणि समजावण्यासाठी उदाहरणही देते: फोनवरून डॉक्टरी सल्ला देणाऱ्या ॲपने मोबाईलमधली संपर्क यादी मागितली आणि बाईने ‘हो’ म्हटले, तरी ते ‘हो’ यादीला लागू नाही, कारण सल्ला द्यायला यादी लागत नाही. हे वाचून मी खूश झालो. पण हे ठरवणार कोण? त्या बाईने ओळखायचे, तक्रार करायची, मग डेटा संरक्षण मंडळाने पाहायचे. त्यापेक्षा रिझर्व्ह बँकेने केले ते पाहा. कर्ज देणारी ॲपे हप्ता चुकला की माणसाच्या संपर्क यादीतल्या सगळ्यांना, सासऱ्याला, मास्तरांना, गिऱ्हाइकांना फोन करून अब्रू काढायची. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम काढला की कर्जाच्या ॲपने संपर्क यादी, फोटो, फाईल, कॉलच्या नोंदी यांना हात लावायचा नाही. कॅमेरा, माईक, लोकेशन लागले तर तेवढे, एकदाच, ओळख पटवण्यापुरते आणि विचारून. यादीच्या बाबतीत विचारणे नाही, संमती नाही, मनाई. पुढच्या वर्षी गुगलनेही आपल्या प्ले स्टोअरवरच्या कर्जाच्या ॲपांना तीच मनाई केली. बेकायदा ॲपे अजूनही आहेत, पण आता कोणते ॲप चोर हे ओळखायला खूण मिळाली: यादी मागतो तो चोर. असली खूण अडाण्यालाही समजते.

अशा मनाईच मला हव्या आहेत, कामागणिक. पार्सलावर नंबर नाही आणि बिल बाहेर नाही. दुकानात बिल करताना मोबाईल नंबरचा आग्रह नाही. हे मे २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार खात्याने सांगितलेच आहे, पण शहरातल्या मॉलमध्ये अजून पहिला प्रश्न ‘मोबाईल नंबर?’ हाच असतो. आमच्याकडच्या बायका तर तिथे घाबरून नवऱ्याचा नंबर सांगतात. आणि यूपीआय आयडीत मोबाईल नंबर नाही. पोरीने कुठे वीस रुपयांचे पेन घेतले की तिचे नाव आणि नंबर दुकानदाराच्या मोबाईलमध्ये जाऊन बसतो, आणि रात्री ‘हाय’ असा मेसेज येतो. याची तक्रार कोणी लेखी करत नाही. घरात पोरीचा मोबाईल काढून घेतात, म्हणून.

मनाईंच्या या यादीत झेरॉक्सही येऊ द्या. घुंगरमाळा खोक्यात वाजू नयेत म्हणून मी रद्दी घेतो, चुरगाळून भरतो. एकदा गठ्ठा सोडला तर आत पीकविम्याच्या अर्जांच्या वाया गेलेल्या प्रती. आधार, बँकेचे पासबुक, सातबारा, एकाखाली एक, ओळखीची माणसे. मागची बाजू कोरी होती म्हणून कोणीतरी ती रद्दीत विकली असणार. मी ते सगळे पाणी तापवायच्या बंबात घातले. पण ज्या जिल्ह्यात दुसऱ्याच्या जमिनीवर बोगस विमा भरल्याची प्रकरणे राज्यभर गाजली, आणि राज्य सरकारला २०२५ मध्ये एक रुपयातला पीकविमाच गुंडाळावा लागला, तिथे असा गठ्ठा नको त्या हातात पडला असता तर काय झाले असते, ते सांगायला नको. बोगस अर्ज भरायला याहून वेगळे काही लागत नाही.

आधारचे प्राधिकरण तुमच्याच मंत्रालयाखाली येते. २७ मे २०२२ रोजी त्याच्या बंगळुरू कार्यालयाने लोकांना सांगितले होते की आधारची झेरॉक्स कोणालाही देऊ नका, शेवटचे चार आकडे दिसणारे आधार वापरा. सल्ला सोन्यासारखा होता. दोन दिवसांत, २९ मे रोजी, तो मागे घेतला. त्याचा चुकीचा अर्थ काढला जाण्याची शक्यता आहे म्हणून. लोकांनी अर्थ बरोबरच काढला होता, साहेब. आता नव्या आधार ॲपमधून हवी तेवढीच माहिती दाखवता येते म्हणतात, ती सोय चांगली आहे. पण पहिले आधार कार्ड २०१० मध्ये आमच्याच राज्यात, नंदुरबारच्या टेंभलीत दिले गेले तेव्हापासून आम्हाला झेरॉक्सची सवय लावली ती सरकारी खिडक्यांनीच. त्या खिडक्यांनी आधी झेरॉक्स मागणे थांबवावे. बँका, लॉज आणि सिमकार्डवाले मागून येतील.

मुलांबद्दल थोडक्यात. अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायची तर आईवडिलांची पडताळता येईल अशी संमती हवी, असे कायदा म्हणतो. आमच्याकडे दिवाळीनंतर निम्म्या वस्त्या साखर कारखान्यांवर जातात. लेकरे आजीपाशी राहतात. आजीचा मोबाईल नातू चालवतो, आजीचे आधार, आजीचा ओटीपी सगळे त्याच्या हाती. आईवडील सुट्टीला आले तरी त्यांचे अर्ज तोच भरतो. संमती कोण कोणाला देणार? दिल्लीत नियम करताना घरात एक शिकलेला बाप धरून चाललेले दिसते.

माझ्यासारख्या विकणाऱ्याचीही एक बाजू आहे, तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. जीएसटीची नोंदणी झाली त्या आठवड्यापासून मला कर्ज, विमा, हिशेबनीस, वेबसाईट असे फोन सुरू झाले ते अजून थांबलेले नाहीत. नंबर कुठून फुटला ते मला सांगता येणार नाही. ते सोडा, मी पुरुष माणूस, दुकान हाटात. पण झुली शिवणाऱ्या बचत गटाच्या बायका आता स्वतःच्या नावाने विकू पाहतात. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याचा पत्ता गिऱ्हाइकाला दाखवावा लागतो, पाकिटावरही नाव-पत्ता आणि तक्रारीचा नंबर लागतो. त्यांचा कारखाना म्हणजे घराची ओसरी. पत्ता राहत्या घराचा, नंबर स्वतःचा. एकीला माल आवडला नाही म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाने रात्री अकराला व्हिडिओ कॉल लावले. तिने विकणेच बंद केले. गिऱ्हाइकाला दाद मिळालीच पाहिजे, मीही गिऱ्हाईक आहे. पण ती दाद मार्केटप्लेसच्या नंबरवरून मिळू शकते. कमिशन ते घेतात, फोनही त्यांनीच घ्यावा. घरातून धंदा करणारीचा पत्ता त्यांच्यापाशी राहू द्या, तक्रार सिद्ध झाली तर द्या.

आता थोडे कडू. खासगी कंपन्यांना जो कायदा लागू, त्यातून सरकारी यंत्रणांना मोकळे करण्याची मुभा कलम १७ ने सरकारला दिली आहे. योजनांचे पैसे देताना नव्या संमतीचीही गरज नाही. आमची सगळ्यात जास्त माहिती तर सरकारकडेच आहे: लाडकी बहीणचे ई-केवायसी, शेतकरी ओळख क्रमांक, ई-पीक पाहणीतला शेताचा फोटो. शेजारच्या दूरसंचार खात्याने नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रत्येक नव्या मोबाईलमध्ये संचार साथी ॲप आधीच घालायचा आदेश काढला आणि ओरड होताच काही दिवसांत मागे घेतला. चोरीचा फोन बंद करायला ते ॲप उपयोगी आहे, मी लोकांना सांगतो. सक्ती केली म्हणूनच त्याच्यावर संशय आला.

त्याच वेळी या डेटा संरक्षण कायद्याने माहितीच्या अधिकारातले कलम ८(१)(ञ) बदलले, आणि वैयक्तिक माहिती म्हटली की नाही म्हणण्याची सोय अधिकाऱ्याला झाली. तुमचे म्हणणे असे की सार्वजनिक हिताचे कलम ८(२) शाबूत आहे. असेल. पण तालुक्याच्या खिडकीवर बसलेला बाबू कलम ८(२) उघडून वाचतो, की ‘वैयक्तिक माहिती’ असा शिक्का मारून मोकळा होतो? महाराष्ट्राने केंद्राच्या आधी स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला. त्यासाठी शेजारच्या जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारेंनी उपोषणे केली. आमच्या भागात बोगस विमा, बोगस मजूर, बोगस घरकुल सापडते ते कोणीतरी याद्या मागितल्या म्हणून. माझा मोबाईल नंबर, आधार, आजार, खाते झाकून ठेवा. कोणाच्या नावाने कोणत्या गटात किती रुपये उचलले, ती यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागू द्या. या दोन गोष्टींत फरक आहे, आणि तो कोणत्याही ग्रामसेवकाला कळतो.

दंडाचेही पाहा. कंपनीला २५० कोटींपर्यंत दंड, ऐकायला बरे वाटते. ती रक्कम भारताच्या संचित निधीत जमा होणार. ज्याची माहिती फुटली, ज्याचे खाते रिकामे झाले, त्याला या कायद्याखाली छदामही नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३अ मध्ये भरपाईची सोय होती, ते कलमही हा कायदा काढून टाकतो. उलट खोटी किंवा उगाच तक्रार केली असे ठरले तर तक्रारदाराला दहा हजारांपर्यंत दंड. आमच्याकडचा माणूस तक्रार करण्याआधी हा आकडा ऐकेल आणि घरी जाईल.

कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि सूचना, संमती, माहिती फुटल्यास कळवणे ही मुख्य कलमे अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होणार. तोवर एक करा. माझ्या व्हॉट्सॲपमध्ये गिऱ्हाइकांचे नंबर आणि पत्ते आहेत, म्हणजे कायद्याच्या भाषेत मीही माहिती सांभाळणारा झालो. मी नेमके काय ठेवायचे, किती दिवस ठेवायचे, आणि मोबाईल चोरीला गेला तर कोणाला कळवायचे, हे सांगणारे दोन पानी मराठी पत्रक तालुक्याच्या व्यापारी संघांकडे पाठवा. वकिलाने लिहिलेले नको. ज्याने दुकान चालवले आहे अशा कोणाकडून लिहून घ्या. आणि कुरिअर व मार्केटप्लेसवाल्यांना पार्सलावरचा नंबर काढायला लावायचे असेल तर पुढच्या पोळ्याच्या आधी लावा. त्या महिन्यात माझ्याकडची फळी पुरत नाही, पार्सले बाहेर बाकड्यावर ठेवावी लागतात.



आपला,
बैलांच्या साजाचा एक दुकानदार,
उमापूर, ता. गेवराई, जि. बीड